तुपाचं बोट

मी एक डिस्प्ले कार्ड आहे. संगणकाच्या पोटात जे चालतं ते पडद्यावर उमटवायचं, एवढंच माझं काम. ते मला एकदाही करता आलं नाही. लासुर्ण्यातल्या एका देवघरात, बाळकृष्णाच्या शेजारी मी बसून आहे. रोज ताजं फूल मिळतं. फुलाचं मी काय करू?

वैदेहीनं मला पुण्याहून एसटीनं, मांडीवर धरून आणलं. सगळे सुटे भाग तिनंच निवडले होते आणि जोडणीही ती स्वतःच करणार होती. बारामतीच्या छापखान्याचे मानसिंगराव तिला दिवाळी अंकाची अक्षरजुळणी घरी द्यायला तयार झाले होते. दसऱ्याला काम सुरू व्हावं, इतकंच त्यांचं म्हणणं. तिच्या वडिलांचं, केशवरावांचं, म्हणणं वेगळं होतं. हे जमलं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर स्थळं बघायची. पोर पेचकस घेऊन खाली बसली.

दिवस घटस्थापनेचा. तिची आई, मालतीबाई, घटाला ओवाळून तशाच आल्या. नव्या वस्तूला हळदकुंकू लावल्यावाचून ती वापरायची नाही, हा त्यांचा नेम. पत्र्याच्या डब्याला लावलं, पडद्याला लावलं. मला हातात घेऊन मात्र त्या जरा थबकल्या. माझं अंग हिरवं, त्यावर काळे चौकोन, आणि एका कडेला सोनेरी पट्ट्यांची बारीक रांग.

"हेच गं याचं कपाळ," त्या म्हणाल्या आणि निरांजनाच्या तुपानं माखलेलं बोट कुंकवात बुडवून त्या रांगेवरून मायेनं फिरवलं.

ते माझं कपाळ नव्हतं. तोंड होतं. त्या पट्ट्या खाचेत बसल्या की मी बोलू लागतो. वैदेहीनं कुंकू ओढणीनं टिपलं, पण तूप राहिलं, आणि तुपातून वीज जात नाही. तूप कुठं दिसतं?

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. मग एक लांब शिट्टी, दोन आखूड. पडदा काळाच. ती शिट्टी माझ्याच नावाची तक्रार होती.

"तुज्या आईचाच गुण हाय याच्यात," केशवराव म्हणाले. "नवरात्रात उपाशी बसतंय आन कण्हतंय."

वैदेही हसली नाही. तिनं वायरी बदलून पाहिल्या, मेमरीच्या पट्ट्या काढून घातल्या, मला शेजारच्या खाचेत बसवलं. शेजाऱ्यांच्या फोनवरून पुण्याच्या दुकानदाराला विचारलं. कार्ड काढून पुन्हा घट्ट बसव, म्हणाला. तिनं काढलं. काढून ठेवलं की मालतीबाई मला उचलून देवापुढं नेत, आणि पुन्हा तेच बोट, तीच माया. जितका मी मुका, तितकं तूप जास्त. मी आतल्या आत ओरडत होतो. बाहेर फक्त शिट्टी ऐकू येई.

मग त्यांनी व्रत धरलं. पडद्यावर पहिलं अक्षर दिसेपर्यंत अळणी जेवायचं. भाजीत मीठ नाही, आमटीत नाही. केशवरावांनी एकदा ताटात चिमूटभर मीठ वाढलं, तर त्यांनी ताट बाजूला सारलं.

शेवटी वैदेही मला बारामतीच्या संगणक क्लासात घेऊन गेली. तिथल्या सरांनी मला त्यांच्या यंत्रात बसवलं, पुन्हा तीच शिट्टी ऐकली आणि म्हणाले, "मेलंय गं हे. टाकून दे." तिथल्या टेबलावर खोडरबर पडलेलं होतं. कुणी ते माझ्या कडेवरून दोनदा घासलं असतं, तर मी तिथल्या तिथं उजळलो असतो. सरांना पुढची बॅच घ्यायची होती.

तशीच ती छापखान्यात गेली. मानसिंगराव वाईट माणूस नव्हते. तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. "आवं ताई, सणाचं काम हाय, थांबत न्हाय. आमी दुसरीकडं दिलं."

परतीच्या एसटीत तिनं मला पिशवीत उलटं टाकलं होतं. मांडीवर घेतलं नाही.

दिवाळीनंतर पाहुणे आले. विचारलं, मुलगी काय करते? केशवराव म्हणाले, स्वयंपाक उत्तम करते. ती पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती, आणि संगणकाच्या डब्यावर विणकामाचा रुमाल घातला होता. लग्न होऊन ती निरवांगीला गेली. डबा विकला गेला. मला तेवढं मालतीबाईंनी दिलं नाही.

त्या अजून अळणी जेवतात. अक्षर दिसलेलं नाही, मग व्रत सुटणार कसं? हात आता बारीक झाले आहेत. तरी पूजा झाली की तुपाचं बोट माझ्याकडं येतंच. "बोलेल हं एक दिवस," असं त्या देवाला सांगतात, आणि त्यांच्या आवाजात रुसवा अजिबात नसतो. मला तेच सोसवत नाही.

आई, तुमच्या हाताला मी दोष देत नाही. फक्त उद्या बोट फिरवू नका. पदराच्या कोरड्या टोकानं माझी ही कड जोर लावून पुसा, आणि निरवांगीला निरोप धाडून पोरीला बोलवा. आणि हे काहीच जमलं नाही, तर निदान आमटीत मीठ घाला.