सॅक्सोफोनची खोळ

अप्पांना पुन्हा धाप लागली आणि लेकीच्या पाचावर धारण बसली. एरवी ही बाई कुणाला भीक घालणारी नव्हे. शिवणाच्या दुकानात गिऱ्हाईक उगाच हुज्जत घालू लागलं, की मापाची पट्टी गळ्यात तशीच ठेवून ती त्याला दारापर्यंत पोचवून यायची. पण अप्पांच्या छातीतली घरघर ऐकली की हातातलं काम टाकून ती त्यांच्याकडे धावायची. आई गेल्यावर घरात उरले ते एकटे अप्पा. तेही गेले तर?

अप्पा बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. बँड सुटला, सॅक्सोफोन सुटला नाही. खोकला लागल्यापासून लेकीनेच धोशा लावला होता, "अप्पा, फुंका. फुंकलं की छाती मोकळी होते." सकाळी मशीनवर बसल्या बसल्या तो सूर कानावर आला की तिला बरं वाटायचं. सूर येतोय, म्हणजे अप्पा आहेत. वाद्याला धूळ लागू नये म्हणून तिने मखमलीची, आतून मेणकापड लावलेली घट्ट खोळ शिवली होती. वाद्याच्या आत फडकं फिरवायला मात्र अप्पांची सक्त मनाई. आतून पुसलं की सूर पळतो, असं त्यांचे वस्ताद सांगत, आणि वस्तादांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

हॉस्पिटलात ठेवलं की अप्पा टुणटुणीत, घरी आणलं की पुन्हा धाप. म्हणून या खेपेला लेकीने जास्तीचं शहाणपण केलं. तिथे फुंकण्याचा व्यायाम चुकतो म्हणूनच घरी धाप लागते, असं समजून सॅक्सोफोनच हॉस्पिटलात आणला, खोळीसकट अप्पांच्या खाटेवर ठेवला आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.

"दुर्बिणीच्या नळीतून फुप्फुसात थोडं पाणी सोडून ते परत काढून तपासलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पांढऱ्या पेशींची नुसती झुंबड आहे."

"त्या तर राखणदार ना?"

"राखणदारच. रक्तातून गस्त घालतात. हाक आली की रक्तवाहिनीच्या भिंतीतून वाट काढून तिथे पोचतात. पण चोर शिरला म्हणून अख्खी गल्ली काठ्या घेऊन घरात घुसली, तर घराचं काय होईल? श्वासाबरोबर रोज काहीतरी आत जातंय आणि रोज हाक सुटतेय. आत्ता थांबलं तर ठीक. नाहीतर फुप्फुस कडक होईल, आणि मग माझ्याकडेही औषध नाही."

"काय जातंय पण?"

"बहुतेक बुरशी. बंद, ओलसर असं घरात काही आहे? ते रोज तोंडाजवळ नेतात असं?"

फुंकून आतून ओला राहिलेला सॅक्सोफोन रोज तसाच लेकीने शिवलेल्या घट्ट खोळीत जायचा. खोळ उघडताना येणारा कुबट वास तिला आठवला. त्यावर तिने डांबरगोळी टाकली होती, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झाली होती. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, तो तिने आपल्या हातांनी शिवला होता.

तेवढ्यात वॉर्डातून सूर आला. लांब, भरदार. इतके दिवस ज्या सुराने धीर दिला, तोच आता थांबवायचा होता. ती धावत सुटली. अप्पा पुढच्या फुंकरीसाठी छाती भरून घेत होते. तिने सॅक्सोफोन त्यांच्या ओठांवरून हिसकावला आणि तो छातीशी धरून रडू लागली.

"अगं वेडे, रडतेस काय?" अप्पा धापा टाकत म्हणाले. "मला कुठे दम उरलाय वाजवायला? सूर थांबला की तू घाबरतेस, म्हणून फुंकतो."