खानावळ धरून

कुसुमबाईनं पदराला हात पुसले आणि ते रंगीत पुस्तक साहेबाच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं. पहिल्याच पानावर धुकं, लाल कौलांचा बंगला, आणि ओसरीवर वेताच्या खुर्चीत पाय पसरून बसलेली एक बाई.

"दरसाल आठ दिवस, वहिनी! पैसे एकदाच भरायचे, पुढं जन्मभर महाबळेश्वर," औरंगाबादहून बंगल्याची योजना विकायला आलेला साहेब म्हणाला. "तुमची नातवंडंसुद्धा जातील."

"ऐकलंस का?" तिच्या नवऱ्याला, रंगनाथमास्तरांना तर जागेवर बसवेना. जिंतूरच्या शाळेत उभी हयात गणित शिकवलेला माणूस, पण आज पहिलीतल्या पोरासारखा उतावीळ झालेला.

कुसुमबाईलाही गुदगुल्या व्हायला लागल्या. एकोणीसशे नव्वद साल उजाडलं तरी तिची सुट्टी म्हणजे पालमला नणंदेकडं, न्हाईतर पेडगावला दिराकडं. उतरलं की पदर खोचायचा आणि परातीपुढं बसायचं. बाई पाहुणी म्हणून गेली तरी भाकरी तिनंच थापायच्या, ही आपल्याकडची रीत. तिनं त्या खुर्चीतल्या बाईकडं पुन्हा पाहिलं. अगं बाई, हिला तर कुणी हाकसुद्धा मारत नसंल!

"घेऊन टाका," ती म्हणाली. "लागलं तर माझ्या पाटल्या मोडा."

मास्तर तिच्याही पुढं. त्यांनी कागद ओढला. हॉटेलचं भाडं आणि जेवण एकीकडं, बंगला दुसरीकडं.

"धा वर्षांत वसूल! पुढचं समदं फुकट. अन् खाण्याचा खर्च तर न्हाईच. साहेब, ते चित्र दाखवा हिला."

साहेबानं पान उलटलं. गॅसची शेगडी, लांबलचक ओटा, चकचकीत भांडी.

"सहा माणसं मावतात," मास्तर म्हणाले. "ताईला, भाऊजीला संगं नेऊ. पीठ, डाळ घरूनच घ्यायची. तुझ्या हातची भाकर असल्यावर हॉटेलचं तोंड कशाला बघायचं? लय वाचायलंय गं!"

कुसुमबाईच्या अंगाची लाही लाही झाली. महाबळेश्वरला जाऊनही भाकरीच! एरवी तिनं गिळून टाकलं असतं. तशी सवयच होती. पण हे एका सालाचं नव्हतं, जन्माचं होतं.

"साहेब, तिथं खानावळ हाय का?"

"आहे की. पण महाग पडते."

"पडू द्या. अवो, ती धरून करा बरं हिशोब. सहा जणांचा, दोन्ही वेळचा."

"तू असताना खानावळ कशाला?" मास्तर हसले.

"मी बी सुट्टीवर हाय, असं धरा."

मास्तरांनी पेन उचललं. आकड्यांशी ते कधी खोटं बोलले नव्हते. लिहिता लिहिता त्यांचं हसू ओसरलं. साहेब उगाच पंख्याकडं बघायला लागला.

"असं धरलं तर काहीच वाचत न्हाई," मास्तर बारीक आवाजात म्हणाले. "उलट अंगावरच येतंय."

"मंग मघाशी कोण वाचवत होतं?"

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

"बंगला ऱ्हाऊ द्या," कुसुमबाईच्या डोळ्यांत मघापेक्षा जास्त चमक होती. "एकदाच जाऊ. आपण दोघं अन् पोरं. हॉटेलात उतरू, वाढलेल्या ताटावर बसू. वाचवायला न्हाई, खर्चायला जाऊ!"

साहेबानं पुस्तक आवरायला घेतलं.

"बसा साहेब, चहा घेऊन जा," मास्तर म्हणाले. कुसुमबाई सवयीनं उठली, तर त्यांनी तिला हातानंच खाली बसवलं आणि आत गेले.

आत बराच वेळ डबे वाजत राहिले. मग आवाज आला, "अगं, साखर कुठं असती आपल्यात?"