करवंटी

“परक्या हातचं काही पोराच्या चटईवर येऊ देऊ नकोस,” सासूनं बजावलं तेव्हा एंगल्तीना केळीच्या पानावर दूधभात थापत होती. बाळाला पहिला घास भरवायचा दिवस. चटईवर पोथी, भाताची ओंबी, सोन्याची साखळी मांडलेली. बाळ ज्याला हात घालेल त्यावरून त्याचं पुढचं आयुष्य जोखायचं. आंद्रिसनं, तिच्या नवऱ्यानं, मिस पेल्हॅमला बोलावलं होतं. पुनर्जन्म मानणाऱ्या ब्रह्मविद्येच्या सभेची ही गोरी बाई इंग्रजीत व्याख्यानं द्यायची, आंद्रिस ती सिंहलीत सांगायचा. गॉल बंदरातल्या पाद्र्यांची घमेंड तिनं उतरवली म्हणून अख्खं गाव तिच्यावर खूश होतं. तिनं गळ्यातली चांदीची शिट्टी काढून चटईवर ठेवली.

“अहो आई, चकाकतं ते पोर धरणारच,” एंगल्तीना हसली. “त्यात कसलं आलंय भविष्य!”

बाळानं शिट्टीच धरली. मिस पेल्हॅम तेवढी हसली नाही. शिट्टी तिच्या धाकट्या भावाची होती. तापानं लहानपणीच गेलेल्या आर्थरची.

आता पियदास पाच वर्षांचा झाला होता. सकाळी दूध पिऊन तो गॉलच्या किल्ल्यातल्या बाईच्या बंगल्यावर जायचा, दिवे लागायला परत यायचा, पायात बूट, ओठांवर इंग्रजी गाणं. आणि आता बाई म्हणत होती, परीक्षा घेऊ. आर्थरच्या वस्तू त्यानं ओळखल्या, तर तो आर्थरच, आणि त्याची जागा इथं नाही. मद्रासला, सभेच्या नदीकाठच्या बंगल्यात आहे.

“नाही म्हणा ना तिला,” एंगल्तीना आंद्रिसला म्हणाली होती.

“आपण बुद्धाची माणसं. मग बाई पुनर्जन्माचं बोलली तर तुलाच का झोंबतं?”

“जन्म मी दिलाय त्याला.”

“हा दिलास गं. मागचा कुणी दिला?”

पुनर्जन्म खोटा म्हणावा तर आपलाच धर्म खोटा. खरा म्हणावा तर पोर बाईचं.

बाईनं निरोप धाडला होता, परीक्षेत मिसळायला घरातलं काहीही साधं आणा. एंगल्तीनानं चुलीमागची करवंटी उचलली. घरात तिच्याइतकं कवडीमोल दुसरं काही नव्हतं. मग रोज रात्री, सासू डुलक्या घेत असताना, ती फरशीवर वस्तू मांडायची. पियदासनं करवंटी उचलून आणली की तिच्यात ताडगुळाचा खडा. दुसरं काही उचललं की काही नाही.

“कुणाला सांगायचं नाही हं.”

“बाईला पण?”

“बाईला तर मुळीच नाही.”

परीक्षेला व्हरांडा माणसांनी भरला. मागं सभेची मंडळी, दारात सासू, पायरीवर शेजारीपाजारी. चटईवर शिट्टी, शिशाचा शिपाई, चाकू, टोपी. आणि कडेला करवंटी. पियदास शिट्टीपाशी थांबला. त्यानं शिट्टी ओलांडली, शिपाई ओलांडला, आणि करवंटी उचलली.

‘सुटलो,’ असं तिच्या मनात आलंही.

मग पियदास थेट तिच्यासमोर येऊन उभा राहिला. खाली मान घालून त्यानं करवंटी दोन्ही हातांनी पुढं धरली, रोजच्यासारखी. गुळासाठी.

“आर्थरनं सगळं सोडलं,” मिस पेल्हॅम इंग्रजीत पुटपुटली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “भिक्षापात्र तेवढं घेतलं.”

मिशनच्या शाळेत शिकलेल्या एंगल्तीनाला ते आंद्रिसनं सांगण्याआधीच कळलं. ती बाईकडे वळली आणि तिच्याच भाषेत म्हणाली, “मी शिकवलंय त्याला हे. गुळाची लालूच दाखवून.”

मिस पेल्हॅमनं तिचा हात हातात घेतला. तो हात मायेचाच होता, हेच वाईट होतं.

“हो ना. पण अख्ख्या घरातून हीच वस्तू उचलावी, हे तुला कुणी सुचवलं?”

“अगं, ताटकळत काय ठेवतेस त्याला?” दारातून सासू म्हणाली. तिनं हात जोडले होते. “घाल भिक्षा.”

पियदासनं मान वर केली. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला होता. आज आईला झालंय काय, त्याला कळेना. एंगल्तीनाची बोटं कमरेच्या गाठीकडे गेली. तिनं खडा काढला आणि करवंटीत टाकला.

“साधू! साधू! साधू!” दानाचं पुण्य वाखाणत व्हरांडा दुमदुमला.

पियदासला घेऊन बोट सुटली, त्याला आता तीन पावसाळे झाले. पत्रं येतात, आंद्रिस ती चारचौघांत वाचून दाखवतो. त्यांत पोराची प्रगती असते, पोर नसतं. आंद्रिसची पाठ वळली की एंगल्तीना धक्क्यावर जाते, आणि मद्रासची बोट धरणारा कुणीही दिसला की त्याला अडवते.

तुम्हीही कधी तिकडे गेलात तर नदीकाठच्या त्या बंगल्यात डोकावून या. नाव विचारू नका, बदललंय म्हणे. डाव्या कानामागं तीळ आहे. गुळाचा खडा न्या आणि नुसता पुढं करा. त्यानं चटकन तोंडात टाकला तर बरा आहे. पण घेण्याआधी तो इकडंतिकडं बघायला लागला, काय उचलून आणू म्हणून, तर तेवढं तिला येऊन सांगा.