शनवार तेलीण

शामलानं कागदावर बोट ठेवलं आणि ते तिथून हलवलंच नाही.

"बैल हाये," ती म्हणाली. "पोरगा हाये, पोरगी हाये, गडी हाये, मोलकरीन हाये. दारात आलेला परका मानूस हाये. बायको कुठी हाये?"

समोर बसलेल्या प्रेमानंदांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद पार नाकापाशी नेला. सगळी नोकरी एसटीत तिकिटं फाडण्यात गेलेली, त्यामुळे छापलेलं काहीही पुढून-मागून पाहिल्याशिवाय ते सोडत नसत.

"नाही बा," ते म्हणाले. "बायको नाही."

"तेच म्हनून राहिली ना मी."

"वरडू नको ना वं बाई. छापताना सुटली असन."

"बैल नाही सुटला? बराबर बायकोच सुटली?"

खोलीतल्या बाकीच्या जोड्या वळून बघायला लागल्या. सीताबर्डीतल्या त्या वाचनालयाच्या माडीवर रविवारी दुपारी हा वर्ग भरायचा. 'ज्यू जीवन, विचार आणि संस्कृती. प्रौढांसाठी' अशी पाटी खाली जिन्यापाशी टांगलेली. शिकवायच्या मोझेलबाई अष्टमकर, रेल्वेच्या दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या. पण शिकवायच्या असं तरी कसं म्हणावं? बाई भाषण देतच नसत. दोन माणसं समोरासमोर बसवायची, मध्ये एक कागद ठेवायचा आणि म्हणायचं, भांडा. जोडीनं अशा भांडत शिकण्याला ज्यूंकडे हव्रुता म्हणतात. एकट्यानं वाचलं की माणूस स्वतःला फसवतो, समोर कोणी असलं की फसवता येत नाही, असं त्यांचं म्हणणं.

आजच्या कागदावर शनिवारचा हुकूम होता. सहा दिवस काम करायचं, सातव्या दिवशी नाही. आणि कोणी कोणी नाही करायचं, त्यांची नावं.

शामला या वर्गात आली ती नवऱ्याच्या गैरसमजापायी. महाल भागात त्यांचा तेलाचा लाकडी घाणा. मोझेलबाई तिळाचं तेल न्यायला यायच्या. एकदा बोलता बोलता त्या शालिकरामला म्हणाल्या, "आमचे पूर्वज कोकणात घाणा चालवायचे. शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून लोक आम्हांला शनवार तेली म्हणायचे." झालं! बाकीचं शालिकरामनं ऐकलंच नाही. बाई आपल्याच जातीच्या निघाल्या, हे त्यानं संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत सांगितलं. बाई ज्यू आहेत, हे लेकीनं, पायलनं, बापाला दोनदा समजावलं. "असन ना," तो म्हणाला. "पन तेली हायेत का नाही?" आणि बायकोला त्यानं स्वतःच पाठवलं. "जाय. आपलेच लोकं हायेत. काही तरी शिकशीन."

ती शिकत होती.

मोझेलबाई काठी टेकत त्यांच्या टेबलापाशी आल्या.

"काय झालं?"

"बायको गायब हाये," प्रेमानंद म्हणाले.

"हो. नाहीच ती." बाईंना काही नवल वाटलं नाही. "जुने पंडित सांगतात, हुकूम सुरू होतो 'तू' या शब्दानं. त्या 'तू'मध्ये नवरा-बायको दोघं आले."

"मंग तसं लिहाले काय झालं होतं?" शामला म्हणाली. "माह्या सासऱ्याच्या घान्याले बैल होता, बाई. पोळ्याले त्याले सुट्टी. आंघोळ, शिंगाले रंग, पुरनाची पोळी. सारे म्हनत, एक दिवस तरी मुक्या जनावराले आराम. अन् ते पुरन पाट्यावर वाटत कोन होतं?"

पाटा कोणाकोणाच्या घरी होता, ते चेहऱ्यांवर दिसतच होतं.

"हिब्रूत बाईले अन् मानसाले 'तू' एकच असते का?" प्रेमानंदांनी विचारलं.

"नाही. बाईचा वेगळा असतो," बाई म्हणाल्या. "इथला पुरुषाचा आहे."

शामलानं कागद ढकलून दिला. "झालं. संपलं."

"संपलं नाही. आता बाजू बदला. शामला, तू दाखव, बायको यात आहे. प्रेमानंद, तुम्ही म्हणा, नाही."

"जे मले पटत नाही, ते मी काहून बोलू?"

"पटत नाही म्हणूनच."

शामलानं टेबलाखाली पायानं चप्पल चाचपली. एक पायात घातलीसुद्धा. हिला राग आला की गल्लीतले लोक तेलाची बाटली ठेवून निघून जात, नंतर येतो म्हणत. पण प्रेमानंद आरामात मागे रेलले होते आणि त्यांना मजा यायला लागली होती.

"घर कोनाच्या नावानं?" ते म्हणाले. "नवऱ्याच्या. दुकान कोनाच्या नावानं? नवऱ्याच्या. मंग हुकूमही त्यालेच. त्याचं मन झालं तर बायकोले बस म्हनन. नाही झालं, नाही म्हनन. तिले काय विचारा लागते?"

"थांबा," शामला म्हणाली.

"काहून थांबू? पुढं बोल."

"थांबा म्हनली ना! हुकूम कोनाले देतात? बंद करनं ज्याच्या हातात हाये, त्याले. बैलाले कोनी म्हनत नाही, बाबू, आज चालू नको. बैल जो सोडते, त्याले म्हनतात. आमच्या घान्यावरच्या गड्याले, गोविंदाले, जाय आता घरी, असं कोन म्हनते? मी. पोरीले, भांडे राहू दे, अभ्यासाले बस, कोन म्हनते? मी. घान्याच्या मोटारीचं बटन कोन दाबते? मीच. अन् तुमचं हिब्रू गेलं तिकडं. माह्या हातातला कागद मराठी हाये. मराठीत 'तू' म्हंजे बाई का मानूस, दाखवा बरं!"

प्रेमानंदांनी खरंच कागद पुन्हा पाहिला. मग चष्मा काढून खिशात ठेवला.

"नाही दिसत," ते म्हणाले. आणि साध्या आवाजात, "मंग तू कोनाची वाट पाहून राहिली होती, बाई?"

शामला बसून राहिली. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, तशीच. वर्ग सुटल्यावर जिन्यात तिनं मोझेलबाईंना गाठलं.

"शनवारच घ्या लागते का?"

"तो आमचा. तुला कुठलाही घेता येईल," बाई म्हणाल्या. "पण घेतलास तर मोडू नकोस. आमचे लोक कोकणात बरंच काही विसरले. शनिवार नाही विसरले."

शुक्रवारी रात्री जेवताना तिनं सांगितलं. उद्या घाणा बंद.

शालिकरामचा घास हातात राहिला. "शनवारी? मारोतीले तेल वाहतात लोकं शनवारी! सकाळपासून बाटल्या घेऊन उभे राहतात. डोस्कं ठिकानावर हाये ना?"

"तुमीच तर सांगितलं साऱ्या गल्लीले. आपन शनवार तेली."

"अवं, ते नावाले!"

"मी कामाले म्हनून राहिली."

"अन् करशीन काय दिवसभर?"

"काहीच नाही."

हे उत्तर त्याला सगळ्यात जास्त लागलं. आजारी आहे म्हणाली असती, माहेरी जाते म्हणाली असती, तर त्याच्याकडे बोलायला काही तरी होतं. पायलनं पाण्याचा गिलास तोंडाला लावला, हसू दिसू नये म्हणून.

सकाळी शामलानं शटर अर्धं वर केलं आणि ओट्यावर जाऊन बसली, पाय खाली सोडून. भाकरी अन् जवसाची चटणी रात्रीच करून झाकून ठेवली होती. पायलला म्हणाली, आज झाडू नको, झोप. गोविंदा आला, तर त्याला दारातूनच म्हणाली, आज सुट्टी, रोजची मजुरी मिळन. गोविंदा तिथंच खांब झाला.

"काही चुकलं का माहं, वहिनी?"

"नाही गा. जाय घरी."

तो दोनदा मागं वळून पाहत गेला. आत शालिकराम मोटारीपाशी उभा होता. बटण त्याच्या हातापासून वीतभर अंतरावर. दाबलं असतं तर कोणी अडवलं नसतं. शामलानं मान वळवून पाहिलंही नाही, नुसते पाय हलवत राहिली. बऱ्याच वेळानं तो तसाच बाहेर आला.

गल्लीतले नत्थूजी तेलासाठी बाटली घेऊन येत होते. अर्धं शटर पाहून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"शालिकराम, कोन गेलं गा?"

"कोनी नाही."

"मंग बंद काहून?"

शालिकरामनं बायकोकडे पाहिलं. ती समोरच्या तारेवर बसलेला कावळा पाहत होती.

"शनवार हाये ना," तो म्हणाला. घसा खाकरला. "आमी शनवार तेली हावो."

नत्थूजींनी टोपी परत घातली आणि रिकामी बाटली हलवत परतले. गल्लीत रोज या वेळी घाण्याची करकर असायची. आज दोन घरं पलीकडचा कुकर ऐकू येत होता. शालिकराम थोडा वेळ कमरेवर हात ठेवून उभा राहिला. एकदा आत पाहिलं, एकदा बाहेर.

"गोविंदाले सुट्टी देल्ली तू," तो म्हणाला. "पायलले देल्ली. त्या मोटारीलेही देल्ली. माहं नाव कुठी हाये?"

शामलाचे पाय हलायचे थांबले.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग पदर गोळा करून ती ओट्यावर जराशी बाजूला सरकली.

"बसा," ती म्हणाली. "भांडू."