म्हणे, सारी चूक स्कार्फची

मित्रांनो, मी एक जुना स्कार्फ आहे. पिवळ्या अंगावर लाल ठिपके. आता लोक मला फडकं म्हणतात, म्हणोत बापडे. पण दोन मैत्रिणींत भांडण मी लावलं, हा आळ मी मुकाट ऐकून घेणार नाही.

जुन्या जालन्यातल्या लालचंदशेठच्या कापडदुकानात मी घडी होऊन पडलो होतो. शेठची मुलगी रितिका हिनं मला मैत्रिणीच्या, वंदनाच्या वाढदिवसाला दिलं. वंदना टेंभुर्णीची, कॉलेजसाठी जालन्यात राहणारी. दोन वर्षं मी तिचं तोंड उन्हातान्हात राखलं. "ह्याच्याबिगर मी गाडीच काढत न्हाई," असं ती कौतुकानं सांगायची.

वर्गातल्या राजानंदला वंदना आवडायची आणि रितिकाला राजानंद. यात माझा काही हात होता का, तुम्हीच सांगा.

एका दुपारी रितिकानं मला वंदनाकडून मागून नेलं, तोंडाला बांधलं आणि स्कूटी काढली. कॉलेजच्या फाटकाशी राजानंद आडवा आला. "तू मला लई आवडतीस. उद्या सांग," म्हणाला. हे आपल्यालाच, असं समजून रितिका हसली. "बिलकुल सांगते," म्हणाली, तेही स्वतःच्या आवाजात. वंदनाहून ती चांगली वीतभर उंच. पण हा गडी नुसता माझे ठिपके बघत उभा.

संध्याकाळी मला परत देताना तिनं वंदनाला सगळं सांगितलं. दोघींनी मिळून कचोरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मी वंदनाच्या तोंडावर, आणि हा पुन्हा आडवा. "मंग, काय ठरलं?" नेमकी रितिका मागून आली.

"काल मला, आज हिला?" ती म्हणाली. मग वंदनाकडे वळली. "काल तुला सगळं सांगितलं होतं मी. तरी तू ह्याच्याशी बोलत उभी?"

बोलणंच तुटलं. त्या दिवसांत मी आतून ओला असायचो. वंदना गाडीवर रडायची आणि कुणाला दिसायचं नाही.

शेवटी तिनं राजानंदला रितिकासमोर उभं केलं. तो म्हणतो कसा, "माझी काय चूक? ह्या स्कार्फनं घात केला."

"एका वर्गात बसतो आपण," वंदना म्हणाली. " हिचा आवाज ऐकलास, हसणं ऐकलंस. तरी वळखू आली न्हाई?"

"स्कार्फ तुझा व्हता ना."

वंदनानं मला सोडलं, नीट घडी केली आणि त्याच्या हातात ठेवलं. "मंग हा घे. तुला हाच आवडत व्हता."

रितिकाला आधी हसू फुटलं, मग रडू. दोघी एकाच स्कूटीवर बसून निघून गेल्या.

मला मात्र त्याच्या मोटारसायकलच्या हँडलला बांधलंय. माझ्यानंच आरसा पुसतो आणि दोस्तांना सांगतो, "ह्या फडक्यानं माझं वाटोळं केलं." चूक याची आणि मळतोय मी.

मित्रांनो, मनातलं खुशाल बोला. पण आधी समोरच्याचं नाव तरी विचारा. आणि जमलं तर मला एकदा साबणानं धुऊन त्या दोघींकडे पोचवा. त्या दिवशी उघड्या तोंडानं गेल्या हो, आणि ऊन फार होतं.