दर ओळीखाली एक कोरी ओळ

"मागे सरा, लहरी तुटतील!" बुवा गरजले आणि मशीनभोवतीची गर्दी मागे सरली.

बुवा म्हणजे आमच्या ब्रेल छापखान्याचे मेकॅनिक. टायपिस्टताईंची कुठलीही फाइल छापली, की दर ओळीखाली एक कोरी ओळ यायची. बुवांनी तीच फाइल बंद खोलीत नेऊन 'शुद्ध' केली, की छपाई बिनचूक! दिवसाला एकच फाइल. त्याहून जास्त शक्ती पुरत नाही म्हणे.

मी इथला मुद्रितशोधक, जन्मांध. त्यामुळे बुवांचे हातवारे माझ्यावर फुकट जातात.

"दोष ताईंच्या हातात आहे," दोन महिने ऐकवलेला निकाल बुवांनी पुन्हा दिला.

"ताई, सोमवारपासून येऊ नका," व्यवस्थापक म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. ताईंच्या एकटीच्या पगारावर घर चालतं. अन् ताईंना नवा संगणक मिळाला त्याच दिवसापासून, म्हणजे दोन महिन्यांपासून हे चाललंय, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये?

"दहा मिनिटं द्या," मी ओरडलोच.

ताईंना माझ्या संगणकावर बसवलं, मी त्यांच्या. दोघांनी एकच पान टाइप केलं. ताईंचं पान स्वच्छ छापलं गेलं. माझ्या पानावर कोऱ्या ओळी!

"आता माझाही हात बाटला का?"

माझा संगणक मला अक्षर न् अक्षर वाचून दाखवतो. ताईंची फाइल लावली. ओळीच्या शेवटी तो म्हणाला, "कॅरेज रिटर्न. लाइन फीड." जुन्या संगणकावरच्या फाइलीत नुसतंच, "लाइन फीड." नवा संगणक ओळ संपली की दोन खुणा टाकत होता आणि मशीन प्रत्येक खुणेला नवी ओळ धरत होतं. खुणा डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच काय तो चमत्कार.

प्रती काढून ठेवल्या आणि ताईंच्या चारशे बारा फायलींवर एकच आज्ञा चालवली:

sed -i 's/\r$//' *.txt

म्हणजे, ओळीच्या शेवटचा कॅरेज रिटर्न उडव. चहा गार व्हायच्या आत सगळ्या फायली दुरुस्त.

"बुवा, तुम्ही खोलीत काय करत होता?"

"मेनूत ओळीची खूण बदलायचा एक पर्याय आहे..." बुवा पुटपुटले.

"किती वेळ लागतो?"

"अर्धं मिनिट."

व्यवस्थापक घाईघाईने म्हणाले, "ताई, या हं सोमवारी."

"मुलीची परीक्षा होती," ताई म्हणाल्या. "तिच्या पेनालाही हात लावला नाही मी."

बुवा लबाड, हे कबूल. पण आपण पंधरा जण होतो तिथे. चमत्कार तिथे नमस्कार करण्याआधी माणसांची जागा बदलून पाहायला हवी होती. दहा मिनिटांचं काम होतं, आणि ते आपण दोन महिने केलं नाही.