लेबल खरं होतं

माझं पार्लर बरं चालतं आणि माझी जीभ त्याहून बरी. पण त्या दिवशी सर्जनबाईंसमोर ती टाळ्याला चिकटली होती.

शेजारी माझी धाकटी बहीण, मास्क लावून. आठ महिन्यांपूर्वी गाल भरीव दिसावेत म्हणून मीच तिच्या गालांत फिलर टोचलं होतं. दोन दिवसांचा कोर्स, भिंतीवर सर्टिफिकेट आणि अंगात आलेलं शहाणपण! "ताईचा हात हलका आहे," असं ती सगळ्यांना सांगत सुटली. आता दोन्ही गालांत बोराएवढ्या गाठी होत्या आणि डावीकडची पिकली होती.

टेबलावर माझ्या कपाटातली रिकामी बाटली होती. चांगल्या कंपनीची, बहिणीनेच सर्जनबाईंना दाखवायला आणलेली.

"हे फिलर विरघळायलाच हवं होतं," सर्जनबाई म्हणाल्या. "दोनदा औषध टोचलं, गाठी ढिम्म हलत नाहीत. आज डोस वाढवते आणि छोटी चीर देऊन पू काढते."

आम्हा पार्लरवाल्यांना एक खोड असते. चांगली बाटली फेकायची नाही. मोठ्या डब्यातलं क्रीम तिच्यात भरून मांडायचं, गिऱ्हाईक खूश. त्याच सवयीने मी सुटं, स्वस्तातलं सिलिकॉन त्या बाटलीत भरलं होतं. त्यात काही वावगं आहे, हे तेव्हा मनाला शिवलंही नाही. पहिल्यांदा औषध लागू पडलं नाही, तेव्हा मात्र सगळं लक्षात आलं. तरी गप्प बसले. बहिणीच्या नजरेतून उतरायची भीती, दुसरं काय!

नर्स व्हीलचेअर घेऊन आली.

"थांबा," मी म्हणाले. "लेबल खरं आहे, पण आतलं औषध ते नव्हतं. सिलिकॉन होतं. मीच भरलेलं."

सर्जनबाईंनी पेन खाली ठेवलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"सिलिकॉन विरघळत नाही. तोंडाच्या आतून चीर देऊन गाठी काढाव्या लागतील. गाल हलवणाऱ्या नसा तिथेच असतात, त्या जपून काम करावं लागेल. सगळं निघेलच असं नाही. पण आज सांगितलंत ते बरं केलंत, नाहीतर मी आंधळेपणाने टोचत राहिले असते."

बहीण माझ्याकडे बघत राहिली. गाल इतके ताठरले होते की तिला धड रडताही येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोनदा सुया खाल्ल्या मी," ती म्हणाली. "आणि तू बाहेर बसून होतीस."

"हो."

"आई तुला बोलायची, तर मी तिच्याशी भांडायचे."



ऑपरेशनच्या संमतीचा नवा फॉर्म आला. तिने सही केली. नर्सने खुर्ची वळवली, तशी मी भिंतीला लागून उभी राहिले. तिच्यामागे जायचा मला काय हक्क होता? चार पावलांवर खुर्ची थांबली.

"मी तुझ्याशी बोलणार नाहीये," ती मागे न बघता म्हणाली.

"नको बोलूस."

"पण दारापर्यंत चल. मला भीती वाटतेय."

मी गेले. ती खरंच एक शब्द बोलली नाही, आणि ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्सने सोडवेपर्यंत माझा हातही तिने सोडला नाही.